ताणाच्या बागेत पाणी

शकुन आमच्या गल्लीत आली त्या दिवशी तिला बघायला जेवढी माणसं जमली, तेवढी तिच्याशी बोलायला नंतर कधीच जमली नाहीत. तिचं घर माझ्या घरासमोर आहे. तरी ती मला कितपत कळली, हे मला सांगता येणार नाही. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितो.

आमचं शेंदूरजनाघाट नावाला शहर. नगरपरिषद आहे, बँका आहेत, संत्र्याच्या दिवसांत परराज्यांतले ट्रक रांगेनं उभे असतात. पण सकाळी आठनंतर गल्लीत उभं राहिलं तर कोंबड्या आणि आमच्यासारखी म्हातारी माणसं तेवढी दिसतात. बाकीचे वावरात. शिकलेली पोरं पुण्याला, माझा अश्विनही तिकडेच. शिकलेल्या पोरी नोकरीवाल्यांना दिल्या गेल्या. जी पोरं वावर सांभाळायला मागे राहिली, ती मागेच राहिली. मुलीचा बाप स्थळ बघायला येतो तेव्हा वावर किती ते आधी विचारतो, आणि पोरगा त्याच वावरात राबतो हे कळलं की चहा पिऊन उठतो.

समोरच्या शालिकरामचं असंच झालं. घरची संत्र्याची बाग, रस्त्यापलीकडे हरभऱ्याचं वावर, पोरगा निर्व्यसनी. तरी चाळिशी आली. शेवटी एका मध्यस्थानं छत्तीसगडातून, धमतरीकडून स्थळ आणलं. मुलीला आईबाप नाहीत, एक भाऊ आहे, त्याला बहिणीचं ओझं उतरवायचं आहे, असं मध्यस्थ म्हणाला. गेल्या वैशाखात लग्न झालं. तीच शकुन.

अशा बाहेरून आणलेल्या सुना गावात आधीही होत्या. त्यांतली एक पोळ्याच्या दिवशी अंगावरच्या सोन्यासकट निघून गेली होती. बाकीच्या नांदत होत्या, त्यांची पोरं शाळेत जात होती, पण त्यांची गोष्ट कोणी सांगत नसे. पळालेलीची गोष्ट मात्र गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ होती.

शालिकरामची आई गंगूबाई. तिनं सारी उमर बाजारात भाजी विकली. गिऱ्हाइकाचा हात टोपलीत गेला की तिची नजर त्या हाताबरोबर आत जाई आणि हाताबरोबरच बाहेर येई. तिनं सून घरात घेतली ती तशाच नजरेनं. लग्नातले दागिने दुसऱ्याच दिवशी पेटीत गेले, किल्ली कमरेला. शकुनचा मोबाइल गंगूबाईच्या उशाशी. भावाशी बोलायचं तर सासूसमोर बोलायचं. चपलाही सासूच्या खाटेखाली असत, वावरात जाताना तेवढ्या मिळत.

माझी बायको पंचफुला एकदा तिला म्हणाली, "गंगूबाई, लोकं चोराच्या भीतीनं घराले कुलूप लावते. तुमी तं सुनेलेच लावलं."

गंगूबाई म्हणाली, "तुयं काय जाते वं? तुया पोराले घरबसल्या पोरगी भेटली. माह्या पोराले दुसऱ्यांदा कोन देईन?"

 गंगूबाई दुष्ट नव्हती. तिला भीती होती, आणि ती भीती गल्लीनं रोज थोडी थोडी वाढवली. शकुन दारात उभी राहिली तर ती रस्ता बघते आहे, म्हणत. घरात राहिली तर काहीतरी लपवते आहे. ती हसली तर इतकं कशाला हसते, आणि गप्प राहिली तर मनात काय आहे. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नसे. मी स्वतः ओसरीवर बसून पेपर वाचायचो. समोरचं दार वाजलं की पेपर आपोआप खाली व्हायचा.

मार्गशीर्षात बागा ताणावर सोडतात. संत्र्याच्या झाडाला आंबिया बहार यावा म्हणून फळं तोडून झाल्यावर त्याचं पाणी बंद करतात. पानं मलूल होतात, वळतात, थोडी गळतात. अनोळखी माणसाला वाटावं, बाग मेली. मग संक्रांतीच्या सुमाराला ताण तोडतात, म्हणजे पुन्हा पाणी देतात, आणि झाड फुलानं भरून येतं. मधल्या काळात झाडाच्या आळ्यात पाणी गेलं, तर त्या झाडाला नुसता पाला फुटतो, फूल येत नाही. म्हणून ताणाच्या दिवसांत आमच्याकडे माणूस बागेत तांब्याभर पाणीही जपून सांडतो.

शालिकरामची सगळी बाग मलूल झाली, पण दूरच्या कोपऱ्यातली काही झाडं हिरवीगार. त्यानं आळ्यात हात घातला तर माती ओली. त्या कोपऱ्याला लागून नत्थुजीचा धुरा, म्हणजे वावराचा बांध. पलीकडे नत्थुजीचा गहू, त्याला पाणी चालू. या दोन घरांत धुऱ्यावरून जुनी भांडणं होती. शालिकरामनं दुसरा विचारच केला नाही. त्या दिवशी मी सकाळचा फिरत तिकडे गेलो होतो, म्हणून ते बोलणं माझ्या कानावर पडलं.

"नत्थुजी, माह्या बागेत पानी कावून सोडलं?"

"तुया बागेत सोडाले माह्या विहिरीत समुद्र हाय काय बे? माहा गहूच अर्धा तहानेला हाय."

"मंग हे आभायातून पडलं काय?"

"आभायाले विचार. नाई तं घरी विचार. नवं मानूस तुया घरात आलं, माह्या नाई."

शालिकरामचा चेहरा काळा पडला. तो तसा शांत, पण त्यानं हातातलं फावडं इतक्या जोरात मातीत मारलं की नत्थुजी दोन पावलं मागे सरला.

परत येताना त्यानं मला गाठलं. "काकाजी, तुमी रोज इकडं येता. जरा नत्थुजीवर ध्यान ठेवा. पानी सोडताना दिसला की सांगा."

मी हो म्हणालो. मला नाही म्हणायला जमत नाही.

घरी आलो तर गंगूबाई ओसरीवर वाट बघत बसलेली. नत्थुजीचं ते वाक्य तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचलं होतं. आवाज खाली करून म्हणाली, "पंजाबभाऊ, शकुन शालिकरामची भाकर घेऊन वावरात जाते. त्याचं जेवन झालं की सल वेचाले म्हनून एकटीच बागेत शिरते. लवकर येत नाई. तुमी येष्टीत कंडक्टर होते, पळनारं मानूस तुमाले बराबर ओळखू येते. जरा ध्यान ठेवा."

पळणारं माणूस मला नोकरीत कधी ओळखू आलं नाही. तिकीट देताना मी लोकांच्या हाताकडे बघत असे, तोंडाकडे नाही. पण तिलाही मी हो म्हणालो. एकाच घरानं मला दोन माणसांवर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. सांगितलेलं काम म्हणून गेलो, असं मी पंचफुलाला म्हणालो. खरं तर मलाही बघायचंच होतं.

सल म्हणजे संत्र्याच्या झाडावरची वाळलेली, काटकीसारखी फांदी. तोड झाली की ती काढून टाकतात, बायका जळतनाला नेतात. त्या दिवशी दुपारी मी बागेच्या कडेनं निघालो. नत्थुजीच्या वावरात कोणी नव्हतं, त्याची मोटारही बंद होती. कोपऱ्याकडे गेलो तसं पाण्याचा आवाज आला. मला वाटलं, सापडला.

तिथे फवारणीसाठी पाणी साठवायचा सिमेंटचा हौद आहे. हौदाच्या अलीकडे दोन झाडांच्या फांद्यांवर एक लुगडं आडवं बांधलेलं. त्याच्यामागे कोणी तरी तांब्यानं अंगावर पाणी घेत होतं आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होतं. सलीचा भारा बाजूला नीट बांधून ठेवलेला. आसपास दुसरं माणूस नव्हतं. मी सगळीकडे पाहिलं, कारण मला तेच बघायला पाठवलं होतं. मग मला एकदम समजलं की मी, एवढा म्हातारा माणूस, कुठे उभा आहे. मी पाठ फिरवली. पाचोळा वाजला.

गुणगुणणं थांबलं. "कोन?"

"मी पंजाबराव. समोरचा. जाऊन राहिलो, बाई."

"काकाजी, थांबा." थोड्या वेळानं ती लुगडं नेसून बाहेर आली. केस ओले, पदर घट्ट लपेटलेला. तिची वऱ्हाडी अजून कच्ची होती, मधेच हिंदी यायची. "मायले सांगू नका. घरी अच्छेसे आंघोळ नाई होत. मायनं न्हाणीची कडी काढली. दरवाजा लावू नाई देत. सामने बसून राह्यते. किती महिने झाले, बाल धुतले नाई बराबर. लुगडं नेसूनच पानी घेतो."

"कडी? कशाला काढली?"

"मागची दीवार छोटी हाय ना. बोलली, तू उडून जाशील."

मी खाली पाहिलं. हौदापासून पाण्याचा ओघळ निघाला होता आणि उतारानं थेट त्या हिरव्या झाडांच्या आळ्यांत गेला होता. मी म्हणालो, "बाई, ही झाडं ताणावर आहेत. तुला माहीत नाही?"

"ताण क्या?"

मी तिला सांगितलं. ती त्या हिरव्या झाडांकडे बघत राहिली. मग तिनं तोंडावर हात ठेवला. "मी पूछलं होतं, पेड कावून सूखले. माय बोलली, तुले काय करनं हाय. मले लगा, हे लोक बाग बेचून राहिले, तो पानी बंद केलं."

माहेरी धानाचं शेत. तिथे पीक सुकतं म्हणजे मरतंच. सासरी आठ महिने राहून तिला कोणी ताण समजावून दिला नव्हता. जी जाणारच आहे, तिला बागेचं कोण शिकवतं?

कोणाला सांगणार नाही, असं मी तिला म्हणालो, आणि घरी येऊन गप्प बसलो. शालिकरामला नत्थुजी दिसला नाही म्हणालो, गंगूबाईला कोणी भेटायला आलेलं दिसलं नाही म्हणालो. दोन्ही खरंच होतं. पण संध्याकाळी शालिकराम ओसरीवर आला आणि म्हणाला, "उद्या ठाण्यात जातो, काकाजी. नत्थुजीची तक्रार देतो. माती अजून ओली हाय. तो तुमच्या डोयाले चुकवून पानी सोडून राहिला."

तो गेल्यावर पंचफुला दारात उभी राहिली. "तुमाले माहीत हाय. दुपारपासून चाय थंडी करून पिऊन राहिले. बोला."

बाईच्या आंघोळीची गोष्ट दुसऱ्या बाईजवळ बोलायलाही मला वेळ लागला. ऐकून तिनं पदर खोचला आणि समोरच्या घरात गेली. मीही मागे गेलो, दाराशीच थांबलो.

तिनं आडवळण घेतलं नाही. "शालिकराम, ठाण्यात कायले जातो? पानी तुया घरचं हाय. तुई बायको हौदावर आंघोळ करते, कारन तुया मायनं न्हाणीची कडी काढली. कडी लाव, झाडं आपोआप सुकतील."

शालिकराम आईकडे बघू लागला. त्याला कडीचं माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही. न्हाणीत तोही जातच असेल.

गंगूबाई उठून उभी राहिली. "आंघोळीले अख्खं वावर लागते काय? झाडं बिघडवली, तेवढंच सांगून राहिली. कोनाले भेटाले जाते ते सांग म्हनाव!"

"कोनी नव्हतं," मी दारातून म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"तुमी पाह्यलं, तेव्हा नव्हतं. रोज कोन पाह्यते?"

शकुन चुलीजवळ उभी होती. ती म्हणाली, "माय, पेड खराब झाले, गलती माही. पर मी कोनाले भेटली नाई."

"चोर असंच म्हनते. शालिकराम, इच्या भावाले फोन लाव. घेऊन जा म्हना. पुढं कपायाले हात लावत बसन्यापरीस आताच बरं."

 शालिकरामनं फोन लावला नाही आणि आईला नाहीही म्हणाला नाही. ते शकुननं पाहिलं. भाऊ तिला घरात घेणार नव्हता, हे लग्नातच सगळ्यांना कळलं होतं. त्या घरातून निघाली तर तिला दुसरं घर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन गल्लीत उतरलेलं, बायका अंगणात. शकुन पिशवी घेऊन बाहेर पडली. गंगूबाई दारात येऊन थांबली. सगळ्यांना वाटलं, ही आता सरळ स्टँडवर जाणार. ती गेली गल्लीतल्याच नत्थुजीच्या दारात. नत्थुजीची बायको गहू निवडत होती.

"मी जाऊन राहिली," शकुन मोठ्यानं म्हणाली. "चुपके से नाई जात. सबले सांगून जातो. तुमच्यावर नाव आलं, ते पानी मी सांडलं. माफी द्या." तिनं पिशवी उघडून दाखवली. आत दोन लुगडी होती. "काही घेतलं नाई."

नत्थुजीची बायको क्षणभर गोंधळली. मग तिनं पलीकडे गंगूबाईकडे पाहिलं आणि उठली. तिच्या मनात काय आलं असेल ते आम्ही सगळ्यांनी ओळखलं. ती गंगूबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांब वं माय. सवाष्ण बाई माह्या दारातून खाली ओटीनं जाईन काय? आमी काही तेवढे हलक्या मनाचे नाई." तिनं कुंकू लावलं आणि शकुनच्या पदरात ओंजळभर तांदूळ घातले.

एका घरानं ओटी भरली म्हटल्यावर दुसऱ्या घराला मागे राहता येईना. कालपर्यंत तिला हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्या बायका आत जाऊन डब्यांची झाकणं काढू लागल्या. प्रेमानं होतं असं मी म्हणणार नाही. एकीनं हे नत्थुजीच्या घरी भरलं म्हणून भरलं, दुसरीनं शेजारणीनं भरलं म्हणून. पण आमच्या गावात ओटी भरून ज्या सुनेला निरोप देतात, ती परत येणारी सून असते. पळून जाणाऱ्या बाईची कोणी ओटी भरत नाही. ही गोष्ट तांदूळ पदरात पडत गेले तसतशी त्यांच्याही ध्यानात येऊ लागली असावी. आवाज हळू झाले. एका म्हातारीनं तर विचारलं, "कवा येशीन मंग?"

 पदर जड झाला म्हणून शकुननं तो दोन्ही हातांनी धरला होता.

आमच्या दारात आली तेव्हा पंचफुला म्हणाली, "आमच्या घरात ओटीची रीत नाई, पोरी. चाय घे." शकुन उभ्या उभ्या चहा प्यायली, कप पंचफुलानंच तिच्या तोंडाशी धरला, कारण तिचे हात पदरात अडकलेले. ती मला म्हणाली, "काकाजी, स्टँडवर तुमची पैचान असन. बस धमतरीकडं कोनती जाते?"

मला सगळ्या गाड्या तोंडपाठ आहेत. नागपूरची गाडी कधी सुटते आणि पुढे कुठे बदलायची, सगळं. मी म्हणालो, "आता आठवत नाही, बाई." पंचफुलानं माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

आता एकच दार राहिलं होतं. शकुन रस्ता ओलांडून गंगूबाईसमोर जाऊन उभी राहिली. वाकून पाया पडायची सोय नव्हती, वाकली असती तर तांदूळ सांडले असते. शालिकराम ओसरीच्या खांबाशी उभा होता. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात. नत्थुजीची बायको तर धुऱ्याचा निकाल लागायचा असल्यासारखी पुढे येऊन उभी.

गंगूबाईनं त्या पदराकडे पाहिलं. बाजारात माल जोखायची तशीच पाहत राहिली. मग तिनं बोटांनी त्यातले थोडे तांदूळ उचलले, तळहातावर पसरले, फुंकर मारली.

"एवढे तांदूळ घेऊन कुठं जाते वं?" ती म्हणाली. "साऱ्या गल्लीचा माल हाय. उद्या लोकं मलेच मागाले येतील. आत चाल. चूल पेटव."

शकुन हलली नाही. "कडी, माय."

गंगूबाईनं गल्लीकडे पाहिलं, मग शालिकरामकडे. "खांबाले काय टेकला बे? ऐकू नाई येत? कडी आन जाऊन."

शालिकराम चप्पल न घालताच बाजाराकडे निघाला.

दुपारी न्हाणीच्या दारावर ठोकाठोक ऐकू आली. त्या कोपऱ्यातल्या झाडांना या बहाराला फूल आलं नाही, तेवढी झाडं व्यापाऱ्यानं सौद्यातून वगळली. नत्थुजीशी बोलणं अजून बंदच आहे. गंगूबाईनं शकुनला ताण समजावला की नाही, माहीत नाही, पण आता ती सासूबरोबर बागेत जाते आणि दोघींचं भांडण रस्त्यापर्यंत ऐकू येतं.

त्या दिवशी गंगूबाईनं भाताचं एक ताट आमच्याकडे पाठवलं. दहा घरचे तांदूळ एकत्र शिजलेले. काही मऊ झाले होते, काही कच्चे राहिले होते. पंचफुला ताट परत द्यायला गेली तेव्हा गंगूबाई जेवत होती. दाताखाली एक कच्चा दाणा आला तशी ती थांबली आणि शकुनला म्हणाली, "हे पाह्य. हे नत्थुजीच्या घरचे. मुद्दाम जुने घातले."